बादलीवरचं कुंकू

जर्मनीतल्या बॉबलिंगेनचा कारखाना बंद पडून दशक उलटलं. दोन हजार पाचमध्ये मालकाने आपणहून जमीन साफ करायला घेतली, पण विष नेमकं कुठे मुरलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तपासणीला आलेल्या बाईंनी जुन्या कामगारांना बोलावलं. विवेकरावांनी खिशातून फोटो काढला. एकाहत्तर सालचा, पहिल्या नोकरीतला; नव्याकोऱ्या निळ्या डगल्यात, शेडमागच्या अक्रोडाखाली बादली घेऊन ते हसत उभे होते. पुण्यात आईने तो देव्हाऱ्याशेजारी लावला होता. लेकाच्या कामाचं हत्यार म्हणून दर खंडेनवमीला ती फोटोतल्या बादलीला कुंकू लावायची. "बादलीत काय होतं?" बाईंनी विचारलं. "मशिनं धुतलेलं सॉल्व्हंट. फोरमन म्हणायचे, 'ओत, माती पिते.' सहा वर्षं, दर शुक्रवारी मीच ओतलं." "कुठे, गेनाऊ? अगदी नेमकं सांगा." विवेकरावांनी कुंकवाच्या पुसट डागावर बोट ठेवलं. "आईने खूण करून ठेवलीय. इथे खणा."