खूण वाढवावी

एका पत्राला निवृत्तीभाऊंनी उत्तर दिलं नव्हतं. त्याला सतरा वर्षं झाली होती. ते आज आठवलं, कारण समोर यशोधरा बसली होती आणि तिला इतिहास लिहायचा होता.

इतिहास ‘पानबांधणी’चा. इंटरनेटवरची पानं कशी बनवायची ते मराठीतून शिकायचं आणि शिकवायचं, यासाठी जमलेलं हे मंडळ. सगळा कारभार इंटरनेटवरच. तिथं विचारलेल्या प्रश्नाला ‘पत्र’ म्हणायची पद्धत. मंडळाला वीस वर्षं झाली होती. आता ते चालवणारी यशोधरा रविवार बघून देहूरोडहून लोणावळ्याला त्यांच्या घरी आली होती.

“पहिलं नाव उमेशदादांचं,” ती लॅपटॉपवर लिहीत म्हणाली. “त्यांच्या सायबर कॅफेत सुरुवात झाली. दुसरं तुमचं. पहिले बारा धडे तुमचे.”

“माझं नको घालूस.”

“आता का बरं?”

निवृत्तीभाऊंनी चष्मा पुसला. पुसलेला होताच.

“माझ्यामुळे एका मुलीचं शिकणं सुटलं.”

आणि त्यांनी सांगितलं. तिसरा धडा अक्षर मोठं करायचा. त्यासाठी मजकुराच्या आधी एक खूण लिहायची आणि मजकूर संपला की ती बंद करायची. पण ‘बंद’ लिहायला त्यांचा हात धजावेना. तरुणपणी ते तळेगावात पुस्तकांच्या दुकानात कामाला होते. दुकान बंद करतो म्हणायचं नाही, वाढवतो म्हणायचं, हे मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून त्यांनी लिहिलं, ‘उघडलेली प्रत्येक खूण शेवटी वाढवावी.’

बारावा धडा झाला त्याच आठवड्यात तिसऱ्या धड्याबद्दल पत्र आलं. ते त्यांना पाठ होतं.

‘आबा, तुमी वाढवा म्हनला म्हून मी वाढवत गेले. चाळीस खुना झाल्या. आता एक अक्षर अख्ख्या पडद्यावर बसलंय. अजून किती वाढवू? बबिता.’

यशोधरा हसायला लागली. निवृत्तीभाऊ हसले नाहीत.

“मी कोश काढून बसलो. दोन्ही अर्थ होते. तिची काय चूक? उत्तराचे अकरा खर्डे केले. प्रत्येकात मी स्वतःचीच बाजू मांडतोय असं वाटायचं. मग वाटलं, ज्याला साधा शब्द निवडता येत नाही त्यानं शिकवू नये. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. ती पोर बिचारी वाढवत बसली असेल.”

“भाऊ, तुम्ही त्या पत्राच्या खाली कधी पाहिलंच नाही?”

“खाली काय?”

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बबिताचं पत्र होतं. त्याखाली, तीन दिवसांनंतरचं, तिचंच दुसरं: ‘कळलं आबा. आमची आई बांगडी वाढवती तसं. म्हंजे मिटवायचं. लय हसलो आमी.’

निवृत्तीभाऊंनी ते दोनदा वाचलं.

“बबिताताई बेगडेवाडीला असतात आता,” यशोधरा म्हणाली. “नव्यांचे प्रश्न सकाळी त्याच बघतात. हे बघा, आजचं.”

पवन नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, पान अर्ध्यावरच मोडतंय. खाली बबिताचं उत्तर होतं: ‘कुटंतरी वाढवायचं राहिलंय बघ बाबा. सातव्या ओळीत शोध.’ त्याखाली पवन: ‘वाढवलं ताई. झालं.’

“बंद कर असं आमच्यात कुणी म्हणत नाही,” यशोधरा म्हणाली. “मी नवीन होते तेव्हा मलाही वाटलं, ही कुठली भाषा. आता ऑफिसात तोंडातून निघतं आणि सगळे माझ्याकडे बघतात.”

निवृत्तीभाऊंनी लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाले, “माझं खातं उघडेल का अजून?”

“ठेवलंय की.”

त्यांनी एका बोटानं लिहायला घेतलं. ‘बबिता, तू’ असं लिहिलं, थांबले, ‘तू’ खोडून ‘तुम्ही’ केलं.

“भाऊ, ताई हसतील.”

“हसू देत.”

लिहून झालं ते एवढंच होतं: ‘बबिता, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर: एकदाच वाढवायची. शब्द माझा चुकला होता. तुम्ही तो सांभाळलात. मी आभारी आहे. निवृत्ती.’

त्यांनी ‘पाठवा’ दाबलं. उत्तर गेलं नाही. पडद्यावर एक चौकट आली: ‘हे पत्र सतरा वर्षांपूर्वीचं आहे. तरीही उत्तर द्यायचं?’

त्यांचं बोट मागं आलं. “हे मला विचारतायत?”

“सगळ्यांनाच विचारतं. उमेशदादांनी घातलंय, जुनी पत्रं कुणी उगाच उकरू नयेत म्हणून.”

“मग हे उगाच होईल का गं?”

चहाचे कप उचलून यशोधरा आत गेली.

निवृत्तीभाऊंनी चौकट पुन्हा वाचली. ‘होय’वर बोट ठेवलं.

बबिताच्या नावापुढं बारीक अक्षरांत होतं, ‘सतरा वर्षांपूर्वी’. सगळ्यात खाली, त्यांच्या नावापुढं उमटलं, ‘आत्ताच’.