न लागलेले गोळे

कोंडाजी पिवळ्या मातीच्या गोळ्यांची टोपली घेऊन माळावर उतरला, तेव्हा वरच्या वाडीचे चाळीस गडी गेरूचे लाल गोळे घेऊन उभे होते. कोंडाजीच्या पाठीमागं धरणाचं पाणी होतं. त्याची खालची वाडी त्या पाण्याखाली होती.

"एकलाच व्हय?" बाजीरावानं विचारलं. तो वरच्या वाडीचा पोलीसपाटील.

"आनि कोन येनार? बिऱ्हाडं उठून दोन सालं झाली."

"मंग आमच्यात ये की. मावशील."

"आन् तुला हाननार कोन? तुजीच मानसं?"

दोघंतिघं हसले, मग बाजीरावाकडं बघून हसायचे थांबले.

धुळवडीच्या या खेळाचा कायदा एका ओळीचा. गोळा लागला की 'मेलो' म्हणायचं आणि खाली बसायचं. शेवटी जो उभा, त्याची वाडी जिंकली. पंच कधी लागला नाही, कारण खोटं बोलणाऱ्याच्या अंगावरच पुरावा असायचा. वर्षभर ज्या पोलीसपाटलाला वाकून रामराम घालायचा, त्याच्या पाठीत दाणकन गोळा हाणायचा आणि तो मुकाट्यानं बसलेला डोळे भरून बघायचा, एवढ्या सुखासाठी माणसं शिमग्याचे दिवस मोजत. ज्याच्या अंगावर जास्त डाग तो जास्त नावाजलेला. बिनमहत्त्वाच्या माणसावर गोळा फुकट कोण घालवील?

कोंडाजीला जिंकायचं नव्हतंच. चाळिसांपुढं एक, जिंकणार कसा? त्याला अंगावर लाल पाहिजे होतं. तो खालच्या वाडीचा आहे हे सांगणारं दुसरं काही आता उरलं नव्हतं. म्हणून त्यानं पांढरी बंडी धुऊन घातली होती आणि अंगरखा, पटका सगळं झोपडीत ठेवून तो उघड्या माळावर मधोमध उभा राहिला होता. कुणाला नेम धरायचा त्रास नको.

"चला!" बाजीराव ओरडला.

लाल गोळ्यांचा पाऊस पडला. कोंडाजीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्याच्या भोवती मातीवर लाल कडं उमटलं होतं आणि तो कोरा होता.

केरबानं पुन्हा मारला. उंच झाडावरची हेरलेली कैरी नेमकी पाडणारा केरबा. त्याचा गोळा दोन हात लांब पडला.

"केरबा, डोळं गेलं का रं?" कोंडाजी ओरडला.

"ऊन येतंय डोळ्यावर, भाऊ."

ऊन केरबाच्या पाठीवर होतं.

कोंडाजीनं दात आवळून पहिला गोळा हाणला. हात आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. गोळा दोघांच्या मधून निघून गेला. दोघंही 'मेलो' म्हणून खाली बसले.

दुसरा फेकला, तो बोरीच्या झुडपात अडकला. चौघं मेले. जानू तर पुढचा गोळा सुटायच्या आधीच मांडी घालून बसला.

"आरं, हातात हाय अजून!"

"मेलो न्हवं, आबा. मेलेल्याशी बोलत्यात व्हय कुनी?"

खेळाचा कायदा केला होता तो लागूनही न लागल्याचं सांगणाऱ्यांसाठी. न लागता मेल्याचं सांगणारा कुणी निघेल, हे कुणाच्या आज्या-पणज्याच्या डोक्यात आलं नव्हतं. कोंडाजीनं शिव्या दिल्या. बाजीरावाच्या सात पिढ्या काढल्या. तरणी पोरं एरवी एवढ्यावर अंगावर धावून गेली असती. आज ती खाली मान घालून, भलती सद्गुणी असल्यासारखी, एकामागून एक बसत गेली.

शेवटी समोर एकटा बाजीराव उरला. साठीचा, आडव्या अंगाचा, पाच पावलांवर. आंधळ्याचाही नेम चुकला नसता.

"बाजीराव," कोंडाजी हळू म्हणाला, "तू तरी मार. तीस सालं हानतूयास मला."

बाजीरावानं गोळा उचलला. हात मागं नेला. कोंडाजीनं छाती पुढं केली. बाजीरावाचा हात तिथंच थांबला आणि मग गोळा बोटांतून सुटून त्याच्याच पायाशी पडला.

"खांदा धरलाय," तो म्हणाला.

कोंडाजीनं टोपलीतला एक गोळा घेतला, बाजीरावाकडं पाठ फिरवली आणि अंगात होता तेवढा जोर लावून धरणाच्या पाण्यात फेकला. लांब कुठंतरी डुबुक् झालं.

पाठीमागून बाजीरावाचा आवाज आला, "मेलो."

कोंडाजी वळला. चाळीस माणसं माळावर बसली होती आणि तो उभा होता. कुणाच्याच अंगावर पिवळा ठिपका नव्हता.

"खालची वाडी जिंकली!" बांधावरून बाजीरावाची बायको सरुबाई ओरडली. "चला भावजी, जिंकनाऱ्यांची पंगत आदी."

ती त्याला हाताला धरून आंब्याखाली घेऊन गेली. पंगतीचा रिवाज साधा होता. आधी निकाल लागायचा, मग बायका जिंकलेली डोकी मोजायच्या, मगच पत्रावळी मांडायला घ्यायच्या आणि चुलीवरचं कालवण उतरवायच्या. तोवर मेलेले आणि जिते सगळे भुकेनं बोंबलत बसायचे.

आंब्याखाली शेणानं सारवलेल्या लांबलचक पट्ट्याच्या मधोमध एकच पत्रावळ मांडलेली होती. वाढून तयार. भाकरीच्या कडा वाळून ताठ झाल्या होत्या, आणि द्रोणातल्या मटणाच्या रश्श्यावर गार चरबीची जाड साय धरली होती.