वाळूतल्या हाका

शेवंताला हळद लागत होती, तेवढ्यात घरट्यातल्या माइकचा इशारा देत तिचा फोन वाजला. वैनगंगेच्या वाळूत पुरलेल्या अंड्यांतून सुसरीची पिल्लं हाका मारत होती. नदीतल्या माद्या संपल्यापासून प्रयोगशाळेतली अंडी मासेमार ढिवरांच्या पोरीच सांभाळत आणि वेळेवर उकरत; नाहीतर पिल्लं आतच गुदमरत.

"हळदीच्या अंगानं उंबरा वलांडू नोको," माय म्हणाली.

"मंग त्याईले कोन काढन? अन् मी सासरी गेल्यावर?" शेवंता तशीच धावली.

वाळूवर एक मोठी सुसर आधीच घरटं उकरत होती. तिची वाकडी शेपटी शेवंतानं लगेच ओळखली. लहानपणी तिनं स्वतः वाळूतून काढलेलं ते पहिलं पिल्लू.

मागून धापा टाकत माय पोचली.

"चल माय, राहिलेली हळद लाव," शेवंता म्हणाली. "आता मले सासरी जाता येते."