तिसरा हिस्सा

एका माणसाचं वजन कमी पडत होतं.

हतनूर धरणाच्या काठाला होडी उभी होती. पांढऱ्या फायबरची, दीपमाला आणि अतिकनं मिळून जळगावच्या शेडमध्ये बांधलेली. पुढच्या आठवड्यात ती ट्रकवर चढून समुद्राकडे जाणार होती, आणि तिथून आणखी तीन होड्यांसोबत ताफ्यानं लक्षद्वीपला. त्याआधी भरल्या वजनानं ती किती पेट्रोल पिते ते पाहायचं होतं. जादा पेट्रोलच्या कॅनमध्ये सध्या पाणी भरलं होतं. बरोबर येणाऱ्या दोघांच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवायच्या होत्या, पण दुसरी गोणी चढवतानाच उसवली आणि बरीचशी वाळू पाण्यात गेली.

“मी बसू का?” कोकिळाबाई म्हणाल्या.

दीपमालानं वळून पाहिलं. आई दीपनगरहून नुसता डबा द्यायला आली होती. लेकीच्या समुद्रावर जाण्याला कोकिळाबाईंनी अजून होकार दिला नव्हता. पण ज्या वस्तूवरून घरात वर्षभर बोलाचाली झाली, ती आतून असते तरी कशी, हे त्यांना आज बघावंसं वाटलं.

अतिकनं त्यांना जॅकेट घातलं, पट्टे आवळले. “मावशी, घट्ट धरा. आधी तोंड वर उचलेल, घाबरू नका.”

इंजिन गरजलं. होडीचं नाक आभाळाकडे गेलं, कोकिळाबाई मागे रेलल्या, आणि बघता बघता नाक खाली येऊन होडी सपाट धावू लागली.

“हे काय झालं?”

“पाण्यावर चढली,” अतिक ओरडून म्हणाला. “आता कमी पिणार.”

वर चढताना जास्त लागतं, एकदा चढली की कमी. हे त्यांना लगेच पटलं. त्या मागे बघत राहिल्या. काठावरच्या केळीच्या बागांची हिरवी रेघ झाली होती.

“आठून काठ त दिसस. तठे समुद्रमा?”

“तिथे दिवसभर नाही दिसणार, आई.”

“आनि पेट्रोल सरनं त?”

दीपमालानं हात सुकाणूवरून हलवला नाही. “पेट्रोलचे तीन हिस्से करायचे. दोन हिश्शांत पोहोचायचं. तिसऱ्याला हात लावायचा नाही.”

“हात लावना नही त न्यायचा कशाले?”

“वारं समोरून आलं तर. नाहीतर सोबतच्या एखाद्या होडीचं संपलं तर.”

चार होड्या बरोबर जातात म्हणजे एकीमागे एक जातात, एवढंच कोकिळाबाई आजवर समजून होत्या.

ठरलेला पल्ला मारून होडी काठाला आली. निघताना टाकी तोंडापर्यंत भरलेली होती. आता जेवढं पेट्रोल परत मावेल, तेवढं होडीनं प्यायलं. अतिकनं मापाचं कॅन तिरपं केलं, कोकिळाबाईंनी नरसाळं धरलं. एक कॅन गेलं. दुसरंही गेलं. तिसरं अर्ध्यावर आलं तरी टाकी भरेना. अतिक दीपमालाकडे बघेना.

शेवटी टाकी भरली. दीपमालानं मोबाइलवर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले.

“तिसऱ्यातला निम्मा हिस्सा जातोय,” ती म्हणाली. “ताफ्याच्या वेगानं गेलो तर.”

कोकिळाबाईंच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. पोर जात नाही आता. मग त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला, आणि तोंडून भलतंच निघालं.

“पन तू पोचशी ना तेवढ्यात?”

“मी पोहोचेन.”

“मंग कोनले सांगानी काय गरज?”

हे आपणच बोललो, याचं त्यांना नवल वाटलं.

“शेजारची होडी थांबली, तर तिला मी काय देऊ, आई?”

दीपमालानं ताफ्याचे प्रमुख हेमराज सर यांना फोन लावला. आकडे जसेच्या तसे सांगितले. वेग उतरवला तर हिशेब बसतो, पण मग ताफ्याला गाठता येणार नाही, हेही सांगितलं. मग सर म्हणाले, “बाकीच्यांशी बोलतो. थांब.”

तिघं काठावर बसली. डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी निघाली, मिरचीचा ठेचा निघाला. दीपमालानं एक तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. सर नाही म्हणाले तर बरं, असं कोकिळाबाई मनात घोकू पाहत होत्या, आणि ते नीट घोकता येत नव्हतं.

फोन वाजला. दीपमालानं स्पीकर लावला.

“अंधार पडायच्या आत बेटाशी पोहोचायला हवं, ते काही बदलत नाही,” सर म्हणाले. “तेव्हा सगळेच लवकर निघू. चारही होड्या तुझ्या वेगानं जातील. बाकीचे तयार आहेत.”

“सगळे?”

“सगळे. बाकीच्या तिन्ही होड्यांचंही पेट्रोल या वेगानं पुन्हा मोजून बघितलं. पुरतंय.”

अतिकनं वाळूत मूठ आपटली. दीपमाला हसली नाही, रडलीही नाही. तिनं हातातला तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली.

कोकिळाबाई पाण्याकडे बघत होत्या. मग त्या सरकून लेकीजवळ बसल्या.

“त्या दुसऱ्या होड्यास्मा कोन कोन शे?”

“का गं?”

“बठ्ठास्ना नावं सांग माले.”

दीपमालानं पहिल्या होडीपासून सुरुवात केली. कोकिळाबाई एकेक नाव हळू आवाजात परत म्हणत होत्या, आणि चुकलं की तिला थांबवून पुन्हा विचारत होत्या.