बुटांना नवीन सोल

मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरने आजारी बायकोचे बूट नवीन सोल लावून आणले आणि तिच्या पलंगापाशी ठेवले. कॅन्सर हाडांत पोचल्यापासून ती अंथरुणातून उठली नव्हती. “हे घालून मी कुठे जाणार?” तिने विचारलं. “बरी झालीस की फिरायला जाऊ,” म्हणत तो उगाच लेस आवळू लागला. “दिवसभर लोकांना मनातलं बोलायला लावतोस. मी मरणाचा विषय काढला की तुला नेमकं बाहेरचं काम आठवतं.” तो हसायला गेला आणि बुटांपाशीच खाली बसला. “तुझ्याकडे बघितलं की मला माझंच मरण दिसतं,” तो कसाबसा म्हणाला. “म्हणून मी या खोलीत यायचं टाळतो.” “ठाऊक होतं मला,” ती म्हणाली. “आज तरी बघ.” त्याने मान वर केली. तिचे गाल बसले होते. दिवे लागले तरी त्याने नजर हटवली नाही.