शिव्यांची वाटणी

कुस्तीच्या शोमध्ये रंभा आणि डिंपलची 'नरभक्षक' जोडी दुष्टपणासाठीच ठेवली होती. शिव्या पडल्या की काम फत्ते. ब्रह्मपुरीपासून राजुऱ्यापर्यंत जोडी गाजली. पण रंभानं हिशेब मांडला, तर दहातल्या आठ शिव्या डिंपललाच.

"तुलेच काऊन वो एवढ्या?"

"माया चेहराच तसा हाय, बाई," डिंपल लाजून म्हणाली.

त्या लाजण्यानं रंभाचं डोकं फिरलं. राजुऱ्यात तिनं ठरलेला डाव सोडून आपल्याच जोडीदारणीला खरंखुरं आपटलं, आणि आता तरी शिव्या येतील म्हणून लोकांकडं वळली. अख्खं मैदान उभं राहून टाळ्या पिटत होतं. पुढच्या रांगेतली म्हातारी तर पदरानं डोळे पुसत ओरडली, "पोरगी असावी तं तुह्यासारखी!"