घरात नको

"घरात नको," प्रियदर्शिनी म्हणाली.

भाग्येशच्या हातातलं पेन थांबलं. कागदावर पोरीच्या पाचव्या वाढदिवसाची यादी होती. अर्ध्या किलोचा केक, वेफर्स, सरबत, चाळीतली नऊ पोरं. एवढ्याशा केकवर एवढं लांबलचक नाव मावायचं नाही, असं बेकरीवाल्यानं आधीच बजावलं होतं, आणि त्यावर नवराबायकोनं हसूनही घेतलं होतं.

"घरात नको तर मग कुठे गं?" उत्कर्षानं विचारलं.

"बाहेर. कुठंपण." एवढं बोलून पोर ओटीवर खेळायला पळाली.

भाग्येशला ते फार लागलं. मागच्या महिन्यात ती दर्पणच्या वाढदिवसाला गेली होती. दर्पणचे वडील भाग्येशच्याच कंपनीत सुपरवायझर. बोईसरला हॉल, दारात फुग्यांची कमान, पोरांना खेळवायला माईक घेतलेला माणूस. आता आणखी काय सांगायला हवं? पोरीला आपल्या खोलीची लाज वाटायला लागली. कुंभवलीतली दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, भिंतीला ओल. लाज वाटावी असंच आहे सगळं, असंही तो मनाशी म्हणाला, आणि त्यानं तर त्याला जास्तच वाईट वाटलं.

हॉलचं भाडं त्यानं विचारून पाहिलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. त्याच्या अंथरुणात पाय पोटाशी घेऊनच बसावं लागत होतं. तो गुपचूप घरी आला.

खरं तर पोर झाली तेव्हा तिच्यासाठीच त्यानं कायमची नाईट शिफ्ट मागून घेतली होती. भत्ता मिळतो. सकाळी आठला घरी यायचं, दोन घास खाऊन आडवं व्हायचं, ते तीनला उठायचं. त्याच खोलीत उत्कर्षाचा स्वयंपाक, त्याच खोलीत पोरीचा खेळ. पण घराची घडी अशी बसली होती की एकही दिवस त्याची झोपमोड झाली नव्हती. शेजारच्या रत्नाबाई तर म्हणायच्या, "गुणाची पोर हाय तुमची. घरात हाय का नाय, समजत पन नाय." भाग्येशला त्याचा केवढा अभिमान.

सुट्टीच्या शुक्रवारी त्यानं झोपेवर पाणी सोडलं आणि ब्रश हातात घेतला. ओल खरवडली, भिंतींना आकाशी रंग दिला, पत्र्याखाली उत्कर्षाच्या जुन्या साडीचं छत बांधलं. संध्याकाळी पोरीला हाताला धरून आत आणलं.

"आता कसं वाटतंय आपलं घर?"

ती गोल फिरली. भिंतीला बोट लावून पाहिलं. "छान आहे, पप्पा." मग जरा घुटमळून म्हणाली, "पण वाढदिवस घरात नको."

भाग्येशचं डोकं सटकलं. "मग काय राजवाडा बांधू तुझ्यासाठी? काय वाईट आहे गं या घरात?"

"अहो, लहान आहे ती," उत्कर्षा म्हणाली.

पोरीचे डोळे भरून आले, गालांवरून पाणी ओघळलं, पण हुंदका बाहेर पडला नाही. ती त्याच्या कानाशी आली आणि कुजबुजली, "घरात ओरडायचं नसतं ना. पप्पा झोपतात. आणि वाढदिवसाला तर सगळे ओरडतात."

या पोरीचा मोठा आवाज कसा आहे, हे भाग्येशला आठवेना. आठवेना कसलं, त्यानं तो ऐकलाच नव्हता.

"तान्ही होती तेव्हा तोंडावर हात ठेवायचे मी तिच्या," उत्कर्षा ओढणीला हात पुसत म्हणाली. "नंतर गरजच पडली नाही." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शुक्रवारी वाढदिवस घरातच झाला. त्यानंच हट्ट धरला. नऊ पोरं आली आणि आकाशी भिंतीला टेकून ओळीनं बसली. सगळी चाळीतलीच; कुणाचा बाप सेकंड शिफ्टला, कुणाचा नाईटला. मेणबत्ती विझवली तेव्हा त्यांनी गाणं ओठातल्या ओठात म्हटलं, आणि टाळ्या दोन-दोन बोटांनी वाजवल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"आता खेळ," भाग्येश म्हणाला. त्यानं खोलीच्या मधोमध गादी ओढली, आडवा झाला आणि डोक्यावरून चादर घेतली. "मी झोपलोय. ओरडून ओरडून मला उठवायचं. हात लावायचा नाही."

पोरं एकमेकांकडे बघत राहिली. असला खेळ त्यांनी बापजन्मात पाहिला नव्हता. "ओरडा रे, आज मुभा आहे," उत्कर्षा म्हणाली, तरी कुणाचा विश्वास बसेना. चादरीखाली भाग्येश घामानं निथळत होता.

मग लहान पावलं जवळ आली आणि डोक्याशी थांबली. चादरीवरून कानाशी श्वास लागला. आता ही नेहमीसारखी कुजबुजणार, असं त्याला वाटलं. ओरड गं बाई, त्यानं मनात विनवणी केली.

"पप्पाऽऽ! उठाऽऽ!"

पत्रा थरथरला. कानाला दडे बसले. दोन पोरं घाबरून दाराकडे सरकली आणि मग खिदळायला लागली.

भाग्येश जागचा हलला नाही. तिला आणखी एकदा ओरडावं लागावं, म्हणून तो तसाच झोपून राहिला.